उठलेल्या पंगती

अमेरिकेच्या आग्नेय टोकास फ्लॉरिडा नावाचे राज्य समुद्रात दूरवर शिरलेले आहे. त्याच्या मध्यभागी, ऑर्लँडो शहराच्या नैर्ऋत्येस, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी दलदल, गवताळ राने आणि संत्र्यांच्या बागा यांवाचून दुसरे फारसे काही नव्हते. १९६० नंतरच्या काही वर्षांत तेथील जमीन निरनिराळ्या नावांच्या कंपन्यांनी गाजावाजा न करता विकत घेतली. १९६५ साली उलगडा झाला तो असा, की या साऱ्या कंपन्यांच्या मागे उभा असलेला ग्राहक एकच आहे, आणि तो म्हणजे मिकी माउसचा जनक वॉल्ट डिस्ने. सुमारे २७ हजार एकर जमीन त्याने अशा रीतीने हस्तगत केली होती. तीवर उभे राहावयाचे नगर पाहणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते. १९६६ च्या डिसेंबरात तो वारला. त्याचा वडील भाऊ रॉय याने निवृत्तीचा बेत बाजूस सारून ते काम तडीस नेले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’चे दरवाजे उघडले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रॉयनेही इहलोकीचा निरोप घेतला.

एखादे कल्पनेचे सूत्र धरून रचलेल्या अशा करमणुकीच्या उद्यानास इंग्रजीत ‘थीम पार्क’ म्हणतात. डिस्ने वर्ल्डमध्ये आज अशी चार उद्याने आहेत. शिवाय तळी, जलक्रीडेची ठिकाणे, बाजारपेठ आणि वीसांहून अधिक हॉटेले आहेत. येथे माणूस सकाळी येऊन संध्याकाळी परत जात नाही, चार-सहा दिवस मुक्काम करतो. त्यामुळे या नगराचे वर्णन करणारे लोक सिंडरेलाचा किल्ला, भुताटकीचा वाडा, अंतराळयान अशा गोष्टींविषयी जरी भरभरून बोलत असले, तरी ज्या कुटुंबांनी तेथे वीस-पंचवीस वर्षे नेमाने वाऱ्या केल्या आहेत, त्यांच्या बोलण्यात हटकून दुसराच एक विषय निघतो. तो म्हणजे तेथील बंद पडलेल्या भोजनगृहांचा. अमुक ठिकाणी मिळणारा तो रस्सा, तमक्या गच्चीवरून दिसणारा तो किल्ला, टोपलीतून येणारा तो गरम पाव! पन्नाशी उलटलेली प्रतिष्ठित माणसे या आठवणी काढताना हळवी होतात, हे पाहून नवख्यास नवल वाटावे.

वस्तुतः यात नवल वाटण्याजोगे फारसे नाही. उन्हाळ्यातील फ्लॉरिडाची हवा कोकणातल्या वैशाखाची आठवण करून देणारी असते. दिवसभर रांगा, दिवसभर चालणे, मुलांचे हट्ट, पित्याचे घड्याळाकडे आणि पाकिटाकडे लागलेले डोळे. पाळण्यात किंवा आगगाडीत बसावे, तर सारे कुटुंब एकाच दिशेला तोंड करून बसते. तेथे कोणी कोणाशी बोलत नाही, फक्त ओरडतात. एकमेकांकडे तोंड करून, सावलीत, थंडाव्यात, तासभर स्वस्थ बसण्याचे ठिकाण एकच, आणि ते म्हणजे जेवणाचे टेबल. दिवसाचा तेवढाच तास त्या कुटुंबाचा स्वतःचा असतो. शिवाय पाळणा तोच राहतो. आज बसलो तोच पुढल्या पिढीलाही बसावयास मिळतो. भोजनगृह उठले म्हणजे मात्र ते समूळ जाते. त्याची चव, त्याचा वास, तेथील वाढप्याचा स्वभाव, यांपैकी काहीच मागे उरत नाही.

या नगरातील भोजनगृहे इतक्या वरचेवर का उठतात, हे समजण्यासाठी फ्लॉरिडा सोडून क्षणभर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जावे लागेल, कारण या प्रथेचे मूळ तेथे आहे. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेने आपले पहिले उद्यान, ‘डिस्नेलँड’, १७ जुलै १९५५ रोजी उघडले. त्यावर सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्ची पडले होते, आणि डिस्नेपाशी स्वतःचा पैसा बेताचाच होता. तेव्हा त्याने खाण्यापिण्याची बहुतेक ठिकाणे मोठमोठ्या खाद्यपदार्थ कंपन्यांना भाड्याने दिली. मांसाचा व्यापार करणारी स्विफ्ट, दुधाचा व्यापार करणारी कार्नेशन, मक्याचे कुरकुरीत तुकडे विकणारी फ्रिटो, धान्याची पिठे विकणारी क्वेकर ओट्स, अशा कंपन्यांनी तेथे आपापल्या नावाच्या पाट्या लावल्या. कंपनीला जाहिरात मिळे आणि डिस्नेला भाडे. व्यवहार चोख होता. परंतु त्याचा अर्थ असा, की प्रत्येक भोजनगृहाचे आयुष्य एखाद्या करारनाम्याच्या मुदतीने बांधलेले होते. मुदत संपली, की पाटी उतरे आणि पुष्कळदा पाटीबरोबर जेवणही बदले.

या सर्वांत मुलांच्या मनात ठसले ते एक जहाज. पीटर पॅनच्या गोष्टीतील चाच्यांच्या गलबतासारखे गलबत उथळ पाण्यात उभे करून त्यात डबाबंद ट्यूना मासळी विकणाऱ्या कंपनीने उपाहारगृह काढले होते. ‘चिकन ऑफ द सी’ हे त्या मासळीचे व्यापारी नाव, आणि तेच गलबताला मिळाले. वर डोलकाठ्या, शिडे, आणि पोटात ट्यूनाची सँडविचे! १९६० साली गलबताभोवती धबधबे आणि कवटीच्या आकाराचा एक खडक रचण्यात आला, आणि त्या खडकाच्या सावलीत बसून पाव खाणे हा एका पिढीचा बालपणीचा आनंद होऊन बसला. १९६९ साली कंपनीचा संबंध सुटला, नाव बदलले. गलबत मात्र टिकून राहिले. १९८२ मध्ये उद्यानाचा तो भाग नव्याने बांधावयास घेतला, तेव्हा गलबत उचलून दुसरीकडे नेण्याचा विचार होता. पण लाकूड कुजत गेले तसतसे जागोजागी काँक्रीट भरून त्याची डागडुजी झालेली होती, आणि त्यामुळे ते जागचे हलू शकले नाही. ज्याचा जन्मच मुळी प्रवासासाठी नव्हता, ते गलबत पहिल्याच प्रवासाच्या प्रयत्नात मोडले. पुढे १९९२ साली पॅरिसजवळच्या डिस्ने उद्यानात तशाच थाटाचे गलबत उभे राहिले. परंतु ज्यांनी मूळ गलबतावर बसून पाव खाल्ला होता, त्यांचे समाधान त्याने कसे व्हावे?

फ्लॉरिडामध्येही एक आगबोट होती, आणि तिची कथा अधिक हृद्य आहे. तिचे नाव ‘एम्प्रेस लिली’. लिली म्हणजे वॉल्टची पत्नी लिलियन. उद्यानांपासून थोड्या अंतरावर, तळ्याच्या काठी, कंपनीने १९७५ साली एक बाजारपेठ वसविली होती. तिच्या धक्क्याला लागून मिसिसिपी नदीतील जुन्या, मागे मोठे चाक असलेल्या आगबोटींच्या धर्तीवर सुमारे २२० फूट लांबीची ही बोट बांधण्यात आली. १ मे १९७७ रोजी लिलियनबाईंच्या हस्ते तिचे नामकरण झाले. वॉल्टला जाऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती. बोट म्हणावयाची खरी, पण ती तरंगत नव्हती. पाण्याखाली पक्का पाया घालून उभारलेली ती इमारत होती. तथापि तिचे मागचे तांबडे चाक फिरत असे. मांसाहारी पदार्थांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘स्टिअरमन्स क्वार्टर्स’ या दालनात बसले, की खिडकीबाहेर ते चाक पाणी उडवीत फिरताना दिसे, आणि आपण कोठेतरी निघालो आहोत असा भास जेवणाऱ्यास होई. पुढच्या बाजूस मासळीचे दालन होते. मध्ये एक पानगृह होते. तेथे न्यू ऑर्लिन्सच्या धर्तीचे, बँजोच्या साथीचे वाद्यसंगीत चाले. सर्वांत उंची दालन ‘एम्प्रेस रूम’. ते फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या काळातील थाटाने सजविलेले होते, आणि तेथे पुरुषांस कोटाशिवाय प्रवेश नसे. दिवसभर चड्डी-बनियनमध्ये हिंडणारा अमेरिकन गृहस्थ संध्याकाळी कोट चढवून पत्नीसह तेथे जाई. मुलांसाठी सकाळची न्याहारी असे, आणि तीत मिकी माउस स्वतः टेबलापाशी येऊन हस्तांदोलन करी.

या नावामागील एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. डिस्नेलँड उघडण्याच्या चार दिवस आधी, १३ जुलै १९५५ रोजी, वॉल्ट आणि लिलियन यांच्या विवाहास ३० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त वॉल्टने उद्यानातील ‘मार्क ट्वेन’ या आगबोटीवर मित्रमंडळींना बोलावले. बांधकामाचे प्रमुख, निवृत्त नौसेनाधिकारी जो फाउलर, बोट सिद्ध आहे की नाही हे पाहण्यासाठी आधी गेले. पाहतात तो कामगारांनी सांडलेला लाकडाचा भुसा आणि कचरा सर्वत्र तसाच पडलेला, आणि एक बाई हातात केरसुणी घेऊन तो झाडीत आहे. ती यजमानीणबाई स्वतः होती! तिने ॲडमिरलसाहेबांच्या हाती दुसरी केरसुणी दिली, आणि दोघांनी मिळून पाहुणे येण्यापूर्वी बोट स्वच्छ केली. पुढे जिच्या नावाने आगबोटीवर साम्राज्ञीचे दालन सजले, तिने स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवशी आगबोट झाडली होती. कोणत्याही दालनाच्या सोनेरी वेलबुट्टीपेक्षा ही गोष्ट अधिक शोभिवंत आहे.

एम्प्रेस लिली १८ वर्षे चालली. २२ एप्रिल १९९५ रोजी तेथील शेवटची पंगत उठली. बोट दुसऱ्या कंपनीस भाड्याने गेली आणि १९९६ मध्ये ‘फुल्टन्स क्रॅब हाउस’ या नावाने खेकड्यांचे भोजनगृह तेथे सुरू झाले. पुढील काळात जीर्ण झालेली धुराडी उतरविली, चाकही काढले. लिलियनबाई १९९७ च्या डिसेंबरात वारल्या. त्यांचे नाव त्यापूर्वीच बोटीवरून गेले होते. २०१७ साली बोटीचा कायापालट होऊन ‘पॅडलफिश’ नावाचे नवे भोजनगृह तेथे आले. दरम्यान बाजारपेठेचेही नाव तीन-चारदा पालटले, आणि २०१५ पासून तिला ‘डिस्ने स्प्रिंग्स’ म्हणतात. भाषाशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाने या नगरात नुसती स्थलनामे गोळा केली, तरी एक प्रबंध होईल. जुनी माणसे अद्याप त्या जागेला ‘लिली’च म्हणतात, जसे आपल्याकडे रस्त्याचे नाव कितीही वेळा बदलले तरी पत्ता सांगताना जुनेच तोंडी येते.

नावाच्या गोंधळाचे सर्वांत गमतीदार उदाहरण मात्र प्रत्यक्ष किल्ल्यातले आहे. मुख्य उद्यानाच्या मध्यभागी असलेला किल्ला सिंडरेलाचा, म्हणजे सावत्र आईने छळलेल्या आणि पुढे राजपुत्राची राणी झालेल्या मुलीचा. त्याच्या वरच्या मजल्यावर १९७१ पासून भोजनशाळा होती, तिचे नाव ‘किंग स्टीफन्स बँक्वेट हॉल’. आता हा स्टीफन राजा कोण? तर झोपी गेलेल्या राजकन्येचा, म्हणजे ‘स्लीपिंग ब्यूटी’चा पिता. सिंडरेलाच्या गोष्टीशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. एका गोष्टीतील राजा दुसऱ्या गोष्टीतील किल्ल्यात पाहुणचार करीत बसला होता, आणि चोखंदळ मुले आईबापांना त्याचे कारण विचारून भंडावून सोडीत. पंचवीस वर्षांनंतर, १९९७ साली, नाव बदलून ‘सिंडरेलाज रॉयल टेबल’ असे केले. चूक दुरुस्त झाली. आणि गंमत अशी, की ज्यांनी स्टीफनच्या पंगतीस बसून जेवण केले होते, त्यांना ती दुरुस्तीच खुपली. त्या सरमिसळीत कोणीतरी माणसाने केलेली चूक होती, आणि सगळेच जेथे मोजूनमापून घडविलेले, तेथे माणसाच्या चुकीचे मोल वाढते.

त्याच उद्यानात ‘ॲडव्हेंचरलँड व्हरांडा’ नावाचे एक उपाहारगृह होते. लाकडी पडव्या, छताला हळूहळू फिरणारे पंखे, दक्षिण समुद्रातील बेटांचा देखावा, आणि सोया सॉसची चव दिलेले पदार्थ. या सॉससाठी प्रसिद्ध असलेली किक्कोमन ही जपानी कंपनी त्याची आश्रयदाती होती. १९९४ साली ते बंद झाले, आणि २०१५ च्या डिसेंबरात तेथे नवे भोजनगृह उघडेपर्यंत ती जागा एकवीस वर्षे भोजनावाचून राहिली. जेथे प्रत्येक चौरस फुटाचे उत्पन्न मोजले जाते, अशा ठिकाणी एक भली मोठी पडवी इतकी वर्षे तशी राहावी, हे एक कोडेच आहे. जुने प्रवासी तिच्यापुढून जाताना बंद दारांकडे पाहत, आणि मुलांना सांगत, “येथे आम्ही जेवत होतो.”

‘कंटेम्पररी’ हॉटेलाच्या पंधराव्या मजल्यावर ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ नावाचे भोजनगृह होते. या हॉटेलाच्या पोटातून एकरुळी गाडी जाते, आणि वरच्या मजल्यावरून तळे व किल्ला दोन्ही एका दृष्टिक्षेपात दिसतात. आरंभीच्या वर्षांत तेथे नामांकित गायक-गायिकांचे कार्यक्रम होत. १९८१ ते १९९३ पर्यंत न्यूयॉर्कच्या नाट्यसृष्टीतील गाजलेल्या गीतांचा प्रयोग जेवणाबरोबर रंगे. लग्नाचे वाढदिवस, पदोन्नती, मुलीचा होकार, अशा प्रसंगी लोक तेथे जात. १९९५ साली तेथे ‘कॅलिफोर्निया ग्रिल’ आले. त्याचे अन्न पूर्वीपेक्षा सरस असल्याचे जाणते लोक सांगतात. ते खरेही असेल. परंतु लोक हळहळतात ते अन्नासाठी नव्हे, ही गोष्ट जाणत्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

डिस्ने वर्ल्डचे दुसरे उद्यान ‘एप्कॉट’ १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडले. त्याच्या एका भागात तळ्याभोवती निरनिराळ्या देशांची दालने आहेत. त्यांची संख्या आज अकरा आहे. तेथे एक नवीच गोष्ट घडली. त्या त्या देशातील तरुण-तरुणी वर्षभरासाठी अमेरिकेत आणून दालनांत कामास ठेवण्याची प्रथा पडली. देखावा नकली खरा, पण वाढणारे हात अस्सल! इटलीच्या दालनात रोमच्या आल्फ्रेदो दि लेलिओ या प्रसिद्ध भोजनगृहचालकाच्या नावाचे भोजनगृह होते. लोणी आणि पार्मेझान चीज यांत घोळलेल्या रुंद शेवया हा त्याच्या घराण्याचा पदार्थ. मूकपटांच्या काळातील मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे जोडपे रोममध्ये तो खाऊन इतके खूष झाले, की त्यांनी त्याला सोन्याचा काटा-चमचा भेट दिला. एप्कॉटमधील हे भोजनगृह जवळजवळ पंचवीस वर्षे चालून ३१ ऑगस्ट २००७ रोजी बंद झाले. शाकाहारी प्रवाशाला या नगरात जी थोडी ठिकाणे हक्काची वाटत, त्यांपैकी हे एक. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी मंडळी गावाकडून आलेल्या आईवडिलांना ऑर्लँडोला नेतात, तेव्हा त्यांना असा एखादा आसरा किती मोलाचा वाटतो, हे सांगावयास नकोच.

मोरोक्कोचे दालन १९८४ च्या सप्टेंबरात त्यात सामील झाले. त्याच्या भिंतींवरील रंगीत फरशांचे काम करण्यासाठी राजे दुसरे हसन यांनी आपल्या देशातील कारागीर पाठविले होते. या दालनाच्या अगदी आतल्या टोकाला ‘मराकेश’ नावाचे भोजनगृह होते. नक्षीदार छत, वाद्यवृंद, नर्तकी, कुसकुसचे ढीग, आणि पातळ पापुद्र्यांत सारण भरून वर साखर-दालचिनी भुरभुरलेली ‘बस्तीला’. गर्दी येथपर्यंत क्वचितच पोहोचत असे. त्यामुळे ज्यांना हे ठिकाण सापडे, त्यांना ते आपले स्वतःचे वाटे. नर्तकी लहान मुलांना हाताला धरून मध्यभागी नेत, आणि मुले लाजत लाजत नाचत. कोणा अमेरिकन मुलाने अरबी संगीत प्रथम ऐकले असेल, तर ते पुष्कळदा येथेच. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे सारे नगर बंद झाले. जुलैत उद्याने टप्प्याटप्प्याने उघडली. मराकेश मात्र पूर्वीच्या नित्याच्या रूपात उघडले नाही. शेवटची पंगत केव्हा उठली हे कोणास कळलेही नाही. निरोप घेण्याची संधी न देता जे जाते, त्याचा सल अधिक काळ राहतो.

याच सुमारास, २०२० च्या फेब्रुवारीत, एप्कॉटमधील ‘इलेक्ट्रिक अंब्रेला’ हेही बंद झाले. ते केवळ हॅम्बर्गर विकणारे, ताटली आपणच उचलून न्यावयाचे साधे उपाहारगृह होते. त्याच्या अन्नाविषयी फारसे चांगले कोणी बोलत नसे. तथापि तेथे एक बोलकी कचरापेटी होती; कचरा टाकला की ती उत्तर देई. मुलांनी तिचे उत्तर ऐकण्यासाठी टेबलावरचे कागद एकेक करून नेऊन टाकले, ही आठवण अनेकांस आहे. स्मृतीला उंची पक्वान्न लागतेच असे नाही.

पानगृहांत तर ‘ॲडव्हेंचरर्स क्लब’ची गोष्ट अद्भुतच म्हणावी लागेल. १९८९ ते २००८ एवढा काळ तेथे रोज रात्री १९३७ सालच्या ३१ डिसेंबरचीच रात्र असे. जगभर हिंडलेल्या प्रवाशांची सोंगे घेतलेले नट पाहुण्यांत मिसळून गप्पा मारीत आणि भिंतीवरचे मुखवटे मध्येच बोलू लागत. २७ सप्टेंबर २००८ रोजी ते बंद झाले, त्या रात्री दूरदूरच्या गावांहून माणसे निरोप देण्यासाठी आली. ज्या ठिकाणी जुने वर्ष कधी सरत नव्हते, तेथे अखेर ते सरले.

येथवरच्या आठवणी गोड आहेत. परंतु सर्वच आठवणी तशा नाहीत, आणि क्वेकर ओट्सचा जो उल्लेख वर आला, त्याचा पुढचा भाग सांगितल्याशिवाय हा विषय सोडणे बरे नव्हे. १८९३ साली शिकागो येथे भरलेले जागतिक प्रदर्शन आपल्या देशास ठाऊक आहे, ते त्याच्या जोडीने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले म्हणून. त्या प्रदर्शनाच्या बांधकामावर वॉल्ट डिस्नेचे वडील इलायस यांनी सुतारकाम केले होते. आणि त्याच प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन नावाची कृष्णवर्णीय स्त्री एका तयार पिठाची जाहिरात म्हणून पॅनकेक, म्हणजे जाडसर धिरडी, भाजून लोकांस वाढीत होती. ती केंटकी राज्यात गुलाम म्हणून जन्मली होती. पिठाचे नाव ‘आंट जेमायमा’. ‘आंट’ म्हणजे मावशी किंवा आत्या खरी. पण अमेरिकेच्या दक्षिणेतील गोरी माणसे प्रौढ कृष्णवर्णीय स्त्रीला ‘मिसेस’ ही आदराची पदवी द्यावयास लागू नये म्हणून हा शब्द वापरीत. डोक्याला फडके बांधलेली, सदा हसतमुख, धन्याच्या सुखात सुख मानणारी स्वयंपाकीण, असे हे कल्पित चित्र होते. हे पीठ पुढे क्वेकर ओट्सकडे आले, आणि १९५५ साली डिस्नेलँडमध्ये याच नावाचे पॅनकेकगृह निघाले. १९५७ पासून १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत आयलीन लुईस ही कृष्णवर्णीय स्त्री तेथे जेमायमाच्या वेषात पाहुण्यांचे स्वागत करी, मुलांना जवळ घेऊन छायाचित्रे काढू देई.

त्या छायाचित्रांतील मुले आज वृद्ध आहेत. त्यांपैकी अनेकांस त्या सकाळची धिरडी आणि ती प्रेमळ बाई आठवते, आणि त्या आठवणीत खोटे काही नाही. आयलीन लुईसचे प्रेमही खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु तिच्या अंगावर चढविलेला वेष खोटा होता, आणि ज्या इतिहासाने तो शिवला, तो इतिहास त्या हसऱ्या छायाचित्रात कोठेच दिसत नाही. १९७० च्या सुमारास उद्यानातील ते नाव गेले. पिठाच्या पुड्यावरून ते जाण्यास मात्र आणखी अर्धशतक लागले. कंपनीने २०२० साली तसे जाहीर केले आणि २०२१ मध्ये नाव बदलले. काही भोजनगृहे करार संपल्यामुळे उठली, काही जागेसाठी, काही रोगराईमुळे. हे एक असे, की ते उठले हेच योग्य झाले. आणि तरीही तेथे एका मुलाने आपल्या आजीच्या मांडीवर बसून धिरडे खाल्ले होते, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच मनात वागविणे सोपे नाही.

कंपनीच्या बाजूने पाहिले तर तिलाही फारसा दोष देता येत नाही. आपले उद्यान कधीच पुरे व्हावयाचे नाही, त्यात भर पडत राहील, असे खुद्द वॉल्टने सांगून ठेवले होते. ज्या खोलीत चाळीस जोडपी कोट चढवून तीन तास जेवत, तीत आज चारपट माणसे जेवून उठत असतील, तर हिशेबनीस कोणता निर्णय घेईल हे उघड आहे. राजकन्यांसमवेत न्याहारी करण्यासाठी लोक कित्येक आठवडे आधी जागा राखून ठेवतात. स्टीफन राजासाठी तसे कोण करील? परंतु हिशेबाच्या वहीत जी बाब खर्चाच्या रकान्यात पडते, तीच एखाद्या घरात तीस वर्षांनंतरही जमेच्या रकान्यात उभी असते. म्हणून लोक जुन्या खाद्यपत्रिका जपून ठेवतात, आगपेट्या जपतात, बोटीवरच्या कागदी रुमालाची घडी पुस्तकात घालून ठेवतात. आणि पुष्कळजण याहूनही अधिक करतात. ते आपल्या स्वयंपाकघरात तो पदार्थ करून पाहतात.

या खटाटोपात एक पदार्थ विशेष भाग्यवान ठरला आहे. ‘पॉलिनेशियन’ हॉटेलात १९७१ पासून ‘कोरल आइल कॅफे’ नावाचे साधे न्याहारीचे ठिकाण होते. तेथील ‘टोंगा टोस्ट’ म्हणजे पावाचा जाड तुकडा पोखरून आत केळे भरावयाचे, तो तळावयाचा आणि गरम असतानाच साखर-दालचिनीत घोळवावयाचा. ज्याने पोळीबरोबर शिकरण खाल्ले आहे, त्याला या योजनेतील शहाणपण समजावून सांगण्याची गरज नाही. १९९८ साली कोरल आइल बंद होऊन तेथे ‘कोना कॅफे’ आले. पाटी बदलली, टेबलखुर्च्या बदलल्या, भिंतींचा रंग बदलला. पण टोंगा टोस्ट नव्या खाद्यपत्रिकेवर तसाच राहिला. ज्यांनी तो लहानपणी आईच्या ताटलीतून तोडून खाल्ला होता, ते आपल्या मुलांसाठी तो मागवू लागले, आणि एकच टोस्ट मागवून त्याचे तुकडे सर्वांना वाटून देऊ लागले.